आमच्याकडे वडील मध्ये उभे असतात

अरविंदकाका, तुमच्या शोकसभेत लोक हसले. मीही हसले.

गौरीने तुमची ती गोष्ट सांगितली म्हणून हसले. काउंटीच्या इतिहास मंडळात तुमचं पुस्तक वाचलं गेलं तेव्हा पहिल्याच पानावर कशी चूक निघाली, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका टेक्सन वकिलाच्या मधल्या नावाला तुम्ही त्याचे वडील कसे करून टाकलेत, आणि ते दाखवून दिल्यावर उठून किती शांतपणे म्हणालात, "माफ करा, मॅडम. आमच्याकडे वडील मध्ये उभे असतात." गौरीने ते तुमच्या आवाजात, तुमच्या इंग्रजीत म्हणून दाखवलं. "दॅट वॉज माय डॅड," म्हणाली, आणि सगळा हॉल डोळे पुसत हसला. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. "तुम्ही होतात ना तिथे?" मी मान हलवली.

ती चूक तुमची नव्हती. माझी होती. हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं, आणि त्या दिवशी एकट्या मलाच. तुम्ही होतात तोवर मी तोंड उघडलं नाही. शोकसभेत माईक माझ्याही हातात आला होता. तुम्ही मला हायवेवर गाडी चालवायला कसं शिकवलंत ते सांगितलं, लोकांना जरा रडवलं आणि माईक पुढे दिला.

म्हणून आता लिहितेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मंजू, आधी हकिगत क्रमाने सांग, रडायचं नंतर बघू." क्रमाने सांगते.

मी लग्न करून इथे टेक्ससमधल्या प्लेनोला आले तेव्हा तुम्ही इथे मुरलेले होतात. तालुका कोर्टातली पाच वर्षांची वकिली सोडून आलेले. इथे तुमच्या सनदेला कोणी विचारलं नाही, तेव्हा जमिनीचे जुने दस्त तपासणाऱ्या एका कंपनीत तुम्ही चिकटलात आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलात. घर विकलं जाण्याआधी त्या जमिनीचा मागचा सगळा इतिहास काढायचा, हे काम. "तिथे सर्च घेत होतो, इथेही सर्चच घेतो," तुम्ही म्हणायचात. "फरक एवढाच की इथल्या रजिस्टरांना उंदीर लागलेले नसतात."

माझ्या पहिल्या नोकरीत मला पत्र आलं होतं, आठवतं? मशिनची माहितीपत्रकं लिहायचं काम होतं. तुमचं लिखाण समजत नाही, तीन महिन्यांत सुधारा, नाहीतर बघा, असं त्याचं सार. मी रडत तुमच्या घरी आले. काकूंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि तुम्ही माझी पानं मागून घेतलीत. लाल पेन्सिल काढलीत. "एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची. दुसरी आली की पूर्णविराम. कोर्टात दोन गोष्टी एकदम सांगितल्या की जज एकच ऐकतो, आणि ती नेमकी आपल्या विरुद्धची असते." दर शनिवारी सकाळी तुम्ही मला बसवलंत. नोकरी टिकली. पुढे मी संपादक झाले, मग त्या विभागाची मुख्य. माझं इंग्रजी तुमच्या हातचं आहे, काका. तुमचे उच्चार मात्र शेवटपर्यंत तालुका कोर्टातले राहिले, आणि मी बया ते चारचौघांत सुधारायची. तुम्ही "वेडनसडे" म्हणालात की मी लगेच, "काका, वेन्झडे." एकदा तुम्ही नुसतं विचारलंत, "बुधवार म्हणू का?"

निवृत्तीनंतर तुम्हाला तो भेटला. सायलस ऑरिन टकवेल. आपल्या उत्तरेला तासाभरावर कोर्टाचं जुनं गाव आहे, तिथल्या दस्तांवर तुम्ही आयुष्यभर त्याची सही बघत आला होतात. वकील, मग कापसाचं जिनिंग आणि पिठाची गिरणी काढली, मग राज्याच्या विधानसभेत दोनदा निवडून गेला. गावात रेल्वे आणली म्हणून चौकात त्याच्या नावाची पाटी आहे. तुम्ही त्याला टकवेलसाहेब म्हणायचात आणि काकू म्हणायच्या "तुमचा टकलू". काकू गेल्यावर तर तुम्ही दर आठवड्याला त्या गावी जायला लागलात. डबा घेऊन. मला वाटायचं, बरं आहे, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा हवा. हेच शब्द मी माझ्या नवऱ्याला बोलून दाखवले होते.

मग तुम्हाला तो दस्त सापडला. टकवेलने गिरणीसाठी जागा घेताना बदल्यात काय काय दिलं त्याची यादी. एक गाडी, काही खेचरं, आणि त्याच ओळीत, मध्ये नुसता स्वल्पविराम घालून, सात माणसं. गुलाम म्हणून आडनावं नाहीत. गावाच्या पाटीवर यातलं अक्षर नाही, आणि त्या गावात कोणी ते कधी छापलेलंही नव्हतं.

तुम्ही मला ते दाखवलंत तेव्हा मी चिडले होते. "असल्या माणसाचं चरित्र लिहिताय? सहा वर्षं घालवलीत याच्यावर?"

"मी त्याचं वकीलपत्र घेतलेलं नाही," तुम्ही म्हणालात.

"मग कोणाचं घेतलंय?"

तुम्ही त्या यादीवर बोट ठेवलंत. "यांचं घ्यायला कोणी नव्हतं."

"मग फक्त यांच्यावर लिहा ना. त्याची रेल्वे आणि त्याने शाळेला दिलेली जागा, ते कशाला घालताय?"

"तेही घालायचं. राक्षस म्हटलं की तो सुटतो, मंजू. मग लोक म्हणतात, राक्षस होता, आमचा काय संबंध. माणूस म्हटलं की सापडतो."

मला ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, काका, याचा निकाल पुन्हा कधीतरी लावू, मला कॉल आहे. तो वाद तिथेच राहिला. अजूनही मला तो पुरता पटलेला नाही. तुमच्याशी आणखी दोनचार शनिवार भांडायला हवं होतं.

सहा पिवळी लीगल पॅडं भरून तुम्ही ते मराठीत लिहिलंत. का मराठीत, असं विचारल्यावर म्हणालात, "इंग्रजीत मी दस्त तपासतो. विचार मराठीत करतो." आणि ती पॅडं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलीत. "मंडळाला इंग्रजी लागेल. तुझ्याशिवाय कोणाला देऊ?" मी तीन महिने सांगितले आणि वर्ष लावलं. ऑफिस, मुलाचं कॉलेज, काय काय कारणं. मंडळाची तारीख डोक्यावर आली तेव्हा घाईघाईने बसले.

पहिल्या पॅडची पहिली आठ पानं घराण्याची होती. कोण कुठून आलं, कोणाची कोण. मी ती वाचली नाहीत. बाकी सगळं ओळीने भाषांतर केलं, खरंच केलं, पण ती आठ पानं उलटून टाकली आणि माझ्या मनाने एक छानसा परिच्छेद लिहिला. सुरुवात अशी की ऑरिन टकवेल यांचे पुत्र सायलस. नाव तर मुखपृष्ठावर होतंच. लहानपणी शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावामध्ये बाबा होते, लग्नानंतर नवरा आला. इथे डॉक्टरकडे मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतात आणि मी उठते. माझ्या मुलाच्या मध्येही त्याचे बाबाच आहेत. पंचवीस वर्षं इथे राहून, इथल्या लोकांच्या मध्ये कोणीही असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हात घाईत असला की तो घरचं वळण गिरवतो.

तुमचा मोतीबिंदू नुकताच काढलेला होता, वाचायची मनाई होती. तुम्ही फोनवर विचारलंत, "पहिलं प्रकरण जमलं का? तिथे जरा किचकट आहे."

"जमलं. मस्त झालंय."

ते "मस्त" माझ्या कानातून जात नाही.

मंडळाचा तो शनिवार. जुन्या चर्चचा हॉल, घडीच्या खुर्च्या, लेमोनेडचा काचेचा जार, अक्रोडासारख्या पेकनचं गोड पाय, पंचवीसतीस माणसं, बहुतेक तुमच्याच वयाची. तुम्ही टाय लावला होतात. डोळ्यांमुळे वाचायचं माझ्याकडे होतं. मी पहिला परिच्छेद वाचला आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. टकवेलांच्या वंशातल्या त्या. ऑरिन टकवेल नावाचा माणूस कधी नव्हताच, म्हणाल्या. ऑरिन हे सायलसच्या आईच्या माहेरचं आडनाव. वडील जेकब. त्यांचा दगड आमच्या दफनभूमीत आहे, मी दर वर्षी फुलं ठेवते.

सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. लेखक तुम्ही होतात.

तुम्ही पिशवीतून पहिलं पॅड काढलंत, दुसरं पान उघडलंत, अगदी जवळ धरून बोट फिरवलंत आणि थांबलात. मी शेजारीच उभी होते. तुमच्या अक्षरातलं "जेकब" मला दिसलं. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. साक्षीदार बोलायची वाट बघावी तसं. मी लेमोनेडच्या जारकडे बघत राहिले.

तुम्ही पॅड मिटलंत. उभे राहिलात. आणि ते वाक्य म्हणालात.

लोक हसले. ते हसू वाईट नव्हतं, म्हाताऱ्या परक्या माणसाला प्रेमाने देतात तसं होतं. पण पुढे मी त्या दस्ताच्या पानावर आले तेव्हा अध्यक्षबाईंनी मला हळूच थांबवलं. संशोधनाबद्दल थोडी शंका निघाली आहे, तेव्हा अशा गंभीर गोष्टी आधी पडताळून घेतलेल्या बऱ्या, नाही का? आजींनी मान डोलावली. छापलेल्या प्रती खोक्यात परत गेल्या. पडताळणी कोणी केली नाही. कोर्टाची इमारत रस्त्याच्या पलीकडे आहे, काका, पण कोणी रस्ता ओलांडला नाही.

मी एक शब्द बोलले असते तर शंका माझ्यावर आली असती, तुमच्या सहा वर्षांवर नाही. ती सात माणसं माझ्यामुळे पुन्हा खोक्यात गेली. हे मला तेव्हाच कळलं होतं. उशिरा कळलं असं म्हणायची सोय नाही.

परत येताना गाडीत मला वाटलं, आता बोलाल. बरंच अंतर गेल्यावर तुम्ही विचारलंत, "ते पेकन-पाय चांगलं होतं. पेकनला आपल्याकडे काय म्हणतात गं?"

"काही नाही म्हणत. इथलंच आहे ते."

"हं," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर दोन वर्षं. तुम्ही रुसला असतात तर मी समजूत काढली असती. ओरडला असतात तर पाया पडून मोकळी झाले असते. तुम्ही तसं काही केलं नाहीत. गणपतीला आलात, मोदक वाखाणलेत, मुलाच्या नोकरीची चौकशी केलीत. मीच शनिवारी फोन उचलायचं टाळायला लागले. तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा तिसऱ्या वेळी भेटायला आले ती सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही झोपलेले होतात. ते बघून मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, कारण तुम्हाला अर्धी जबानी चालायची नाही.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी गौरी ती पॅडं घेऊन माझ्याकडे आली. तिला बोललेलं सगळं कळतं, पण अक्षर ओळखत नाही. तुम्हाला त्याची खंत होती आणि तिलाही आता वाटायला लागली आहे. "मंजूताई, फर्स्ट पेजपासून वाच ना. आय वाँट टु हिअर हिम."

मी पहिल्यांदा तुमची पहिली आठ पानं वाचली, काका. ती कंटाळवाणी नाहीत. टकवेलची आई बैलगाडीत बाळंत झाली ते वाचताना गौरी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मग दुसऱ्या पानाच्या तळाशी तुमची टीप आली. ती तुम्ही चौकटीत लिहिली आहे: "मराठी वाचकांसाठी. या देशात मधलं नाव वडिलांचं असतंच असं नाही. सायलस यांचे वडील जेकब. ऑरिन हे आईचं माहेर. माझी स्वतःची पहिल्यांदा हीच गल्लत झाली होती, म्हणून सांगून ठेवतो."

ती टीप मी गाळली असती तर गौरीला कळलं नसतं. गाळायचा विचार मनात आला. मग वाचली.

गौरी सरळ बसली. "वेट. मग बुकलेटमध्ये ते ऑरिनचं कोणी लिहिलं?"

"मी."

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि मी फ्यूनरलला ते फनी स्टोरी म्हणून सांगितलं. तू हसत होतीस, ताई. आय सॉ यू."

"हो."

"व्हाय? तेव्हा का नाही बोललीस तू?"

दोन वर्षांत मी स्वतःला खूप कारणं दिली होती. घाबरले, सुचलं नाही, तुम्ही आधीच उठलात. तिच्यासमोर त्यातलं एकही निघेना. जे खरं होतं ते निघालं. "वाचायला उभं राहण्याआधी त्यांच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या होत्या, तुमचं इंग्रजी किती सुंदर आहे, इथेच जन्मलात का. त्यानंतर पाच मिनिटांत ती चूक निघाली."

"एवढ्यासाठी?" गौरीने विचारलं.

"एवढ्यासाठी."

ती उठून सिंकपाशी गेली, पाणी प्यायली, ग्लास धुऊन ठेवला. मग पाठमोरीच म्हणाली, "त्या सात लोकांचं पेज, ते करेक्ट आहे?"

"बरोबर आहे. दस्ताच्या पुस्तकाचा नंबरसुद्धा काकांनी खाली दिलाय."

"देन यू गो अँड टेल देम. मी नाही सांगणार. तू सांग."

गेल्या शनिवारी आम्ही दोघी मंडळात गेलो. खोकं त्यांच्या कपाटात जसंच्या तसं होतं. मी उभी राहिले आणि तुम्ही शिकवलंत तसं, एका वाक्यात एक गोष्ट, अशा वाक्यांत सांगितलं. पहिला परिच्छेद मी लिहिला. मूळ पानं मी वाचली नव्हती. लेखकाने वडिलांचं नाव बरोबर लिहिलं होतं. त्या दिवशी ते सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही.

आजी पुढच्या रांगेतच होत्या, आता काठी घेऊन. त्यांनी विचारलं, "मग ते सात जणांचं पान? ती कोणाची चूक?"

"कोणाचीच नाही, मॅडम. ते पान पूर्णपणे त्यांचं आहे. दस्त समोरच्या इमारतीत आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा मी तुमच्याबरोबर येते."

मग ते पान वाचलं. हॅना. जूड. मोझेस. धाकटा जूड. ॲरन. फिबी. सातव्याला नाव नाही, दस्तात "फिबीचं मूल" एवढंच आहे. आजींनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग अध्यक्षबाई म्हणाल्या की नवं पहिलं पान लावून पुस्तक शेल्फवर ठेवू, लेखक म्हणून तुमच्या नावाने. म्हणजे ते झालं, काका.

पण पुढचंही सांगायला हवं. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, हे असं उभं राहून कबूल करायला किती धैर्य लागतं. आणि कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनीच. त्या सात जणांसाठी नव्हत्या, तुमच्यासाठीही नव्हत्या. माझ्यासाठी होत्या. "टाळ्या नकोत" एवढंच म्हणायचं होतं. तेही मला गाडीत बसल्यावर सुचलं. तिथे मी तुमचं पुस्तक छातीशी धरून उभी राहिले आणि त्या घेतल्या.

गौरी तिसऱ्या रांगेत होती. तिचे हात मांडीवर होते. ती माझ्याकडे बघत होती आणि टाळ्या वाजवत नव्हती.